हात मागे

दुपारच्या तालमीला थोरल्याने गिटार गळ्यात अडकवली, तारांवर बोटं ठेवली आणि बोटांना मुंग्या आल्या.

मुंग्यांचं त्याला नवल नव्हतं. साखरेचा आजार जडल्यापासून मुंग्यांनी त्याच्या हातापायांत बिऱ्हाडच थाटलं होतं. चहाचा कप धरला तरी मुंग्या, दाराची कडी लावली तरी मुंग्या. डॉक्टर म्हणाले होते, नसांचा प्रकार आहे, वय झालं, चालायचंच. पण आजाराच्या मुंग्या आळशी असतात, सावकाश चढतात आणि सावकाश उतरतात. या मुंग्या तारेला हात लागला की हजर आणि हात उचलला की पसार. त्याने पुन्हा पुन्हा करून पाहिलं आणि वळून मागच्या ॲम्पकडे बघितलं.

ही गिटार एकेकाळी त्याचीच होती. टोमॅटोसारखी लाल, पोटावर दुधी रंगाचा पत्रा, मानेच्या टोकाला एका ओळीत चकचकीत खुंट्या. हिची जुळी बहीण धाकट्या भावाच्या गळ्यात असायची. बँड बंद पडल्यावर दोन्ही गिटारी आणि त्यांचा आवाज मोठा करणारे दोन्ही ॲम्प विकले गेले, कोणाकोणाच्या घरचं पाणी प्यायले आणि शेवटी एका शौकीन माणसाच्या संग्रहात येऊन पडले. या माणसाला सगळे पाठीमागे ‘जुनेवाला’ म्हणत. जुनं आहे तसं ठेवायचं, एवढा एकच त्याचा धर्म. एक स्क्रू नवा लावला तरी त्याच्या मते वाद्य बाटायचं. त्यानेच हा हॉल घेऊन जुन्या वाद्यांचं प्रदर्शन भरवलं होतं आणि प्रदर्शनाच्या शेवटी जुन्या बँडने जुन्याच गिटारी वाजवाव्यात, अशी गळ घातली होती.

“आतलं सगळं ओरिजिनल आहे, सर,” तो ॲम्पवर मायेने हात फिरवत म्हणाला. “एक तारसुद्धा बदललेली नाही.”

“त्याचीच तर भीती आहे,” थोरला म्हणाला. “प्लग काढा बघू.”

त्या काळच्या ॲम्पना अर्थिंग नसायचं. दोन पिनांचा प्लग, कसाही खुपसा, बसतो. सुलट बसला तर ठीक. उलट बसला की ॲम्पच्या पत्र्यात वीज उतरायची आणि पत्र्यातून वायरीने थेट गिटारच्या तारांत. एकाच गिटारला हात असेल तर मुंग्यांवर निभावायचं. पण एका हातात सुलट ॲम्पची गिटार आणि दुसऱ्या हातात उलट ॲम्पची, असं कोणी धरलं, तर वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात जाणार. म्हणून त्या काळी थोरल्याने शेजारणीकडून नेलपॉलिश मागून आणून दोन्ही प्लगच्या एकेका पिनेवर ठिपका दिला होता. ठिपके वरच्या बाजूला, म्हणजे सगळं सुलट. इतकं सोपं होतं.

जुनेवाल्याने प्लग उपसून दाखवला. पिना लख्ख होत्या.

“इथे ठिपका होता,” थोरला म्हणाला.

“मीच घासून काढला. केवढा डाग पडला होता.”

थोरल्याने प्लग फिरवून खुपसला. तारांवर हात ठेवला, मुंग्या नव्हत्या; दुसऱ्या गिटारलाही नव्हत्या. मग त्याने पुतणीला हाक मारली, तिच्या पर्समधलं जांभळं नेलपॉलिश मागून घेतलं आणि दोन्ही प्लगवर ठिपके दिले. जुनेवाल्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

“सर, ते त्या काळचं पितळ आहे.”

“माणसंही त्या काळचीच आहेत,” थोरला म्हणाला. “याला हात लावू नका. कोणालाही लावू देऊ नका.”

जुनेवाल्याने मान डोलावली. देवळातल्या मूर्तीला कोणी पान खाऊन बोट लावावं, तसा तो त्या ठिपक्याकडे बघत राहिला.

आता यात इतकं घाबरण्यासारखं काय, असं कोणीही म्हणेल. दोन गिटारींना एकदम हात कोण कशाला लावतो? पण हा बँड लावायचा. त्यांची सगळी प्रसिद्धीच त्यावर उभी होती.

बँडमध्ये गाणारा कोणी नव्हता. दोन गिटारी, एक बास, एक ड्रम, आणि तोंडातून शब्द नाही. ज्या काळात बाकीचे बँड केस झटकत किंचाळत होते, त्या काळात हे चौघे राखाडी सुटात, बारीक टाय लावून, जाड काळ्या चष्म्यांत, एकाच पावलावर डोलत उभे राहायचे. चष्म्यांना काचा नव्हत्या. थोरला चष्म्याच्या दुकानात कामाला होता, तिथल्या रिकाम्या फ्रेमा त्याने उचलून आणल्या होत्या. नियमही त्याचेच. स्टेजवर तोंड उघडायचं नाही, हसायचं नाही, एकमेकांकडे बघायचं नाही, नजर शेवटच्या रांगेच्या वर. दोन गाण्यांच्या मध्ये थांबायचं नाही. तार तुटली तर काय, वायर निघाली तर काय, याचीसुद्धा कवायत घोटलेली. लोकांना वाटायचं, काय थाट आहे, चावी दिलेले बाहुलेच जणू. खरं सांगायचं तर तो थाटबिट काही नव्हता. थोरला लोकांसमोर उभं राहायला मरणाचा भ्यायचा, आणि भित्र्या माणसाला नियम असले की बरं वाटतं. ड्रम वाजवणारा ढोल्या त्याला म्हणूनच ‘खुंटा’ म्हणायचा आणि धाकट्याला ‘भिंगरी’.

आणि शेवटच्या गाण्यात अदलाबदल. दोघे भाऊ एकेक पाऊल टाकून खांद्याला खांदा लावायचे. प्रत्येकाचा डावा हात आपल्याच गिटारच्या मानेवर, पण उजवा हात शेजारच्याच्या तारांवर. याच्या गिटारच्या तारा तो छेडणार, त्याच्या हा. चेहरे मात्र दगडाचे. लोक खुर्च्यांवर उभे राहायचे.

अदलाबदल नको, असं थोरल्याने या खेपेला आधीच ठरवलं होतं. पुतणीलाही सांगितलं, तिलाही पटलं. बास वाजवणारा दोस्त केव्हाच गेला होता, त्याच्या जागी ही धाकट्याची मुलगी उभी राहणार होती. पण धाकट्याला कोण सांगणार?

धाकट्याचं डोकं हळूहळू रिकामं होत चाललं होतं. बायकोला तो ‘अहो बाई’ म्हणायचा. स्वतःच्या घरात बसून घरी कधी सोडणार म्हणून विचारायचा. फक्त गिटार हातात दिली की बोटं जिथल्या तिथे पडायची. घरी तालीम करताना थोरल्याने सतरा वेळा बजावलं, आज अदलाबदल नाही. धाकटा “बरं, दादा” म्हणायचा, आणि शेवटचं गाणं आलं की एक पाऊल टाकून उजवा हात पुढे करायचा. हाताला कोण समजावणार?

“भाऊजी, त्यांना मध्येच थांबवू मात्र नका,” भावजय म्हणाली होती. “चाललेलं काम मोडलं की ते जातंच हो. परवा शर्टाची बटणं लावत होते, मी मध्येच काहीतरी विचारलं. तेव्हापासून बटणं गेली. दाढी तशीच गेली. आता ही गिटार तेवढी उरलीय.”

हे सांगताना ती रडली नव्हती, म्हणून थोरल्याला ते जास्त लागलं.

कार्यक्रमाच्या आधी सगळे कपडे घालून तयार झाले. भावजयीने नवऱ्याची बटणं लावून दिली, टाय बांधला, काचा नसलेला चष्मा चढवला. तो प्रदर्शनाच्या कपाटांच्या मधून फिरू लागला आणि एका उघड्या पेटीतल्या नाजूक जुन्या यंत्राकडे त्याचा हात गेला. जुनेवाल्याचा श्वास अडकला.

“हात मागे,” थोरला हलकेच म्हणाला.

धाकट्याचे दोन्ही हात तत्काळ पाठीमागे गेले. बोटांत बोटं अडकली. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. टेबलावर पुसटशा फुंकरीने उडतील असे स्क्रू आणि चक्रं पसरलेली असायची आणि धाकटा म्हणजे सगळीकडे हात घालणारं कार्टं. त्याला सांभाळायची जबाबदारी थोरल्याची. गिऱ्हाईक आलं की थोरला म्हणायचा, हात मागे, आणि गिऱ्हाईक जाईपर्यंत धाकटा तसाच उभा राहायचा. मग हळूच विचारायचा, “आता काढू का?”

आताही त्याने विचारलं. “आता काढू का, दादा?”

“काढ,” थोरला म्हणाला, आणि सगळे हसले. जुनेवाला सर्वांत जास्त हसला.

पडदा उघडला तेव्हा हॉल गच्च भरला होता. ढोल्याने काठ्या वाजवल्या आणि पहिलं गाणं सुरू झालं. धाकट्याच्या गिटारचा तो ओला, घुमणारा सूर हॉलभर पसरला. तोच सूर, तीच बोटं. ज्या माणसाला आपली मुलगी ओळखू येत नव्हती, तो तिच्या शेजारी उभा राहून एकही सूर चुकत नव्हता. दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे, गिरकी. थोरल्याचे गुडघे कुरकुरले, पण चुकले नाहीत.

एका गिरकीत दोघांचे हात एकमेकांना घासले, आणि थोरल्याच्या हातात मुंग्या सरसरल्या.

साखर, त्याने स्वतःला सांगितलं. गोळी घ्यायला उशीर झालाय. तो बोटं चालवत राहिला, पण मान घामाने भिजू लागली. आजाराच्या मुंग्या आणि विजेच्या मुंग्या यांतला फरक दुपारी त्याला स्वच्छ कळत होता. आता भीतीने सगळंच अंग मुंग्यांचं झालं होतं आणि काही कळेना.

पुढच्या गाण्यात गिटारींच्या माना एकमेकींवर फुली मारायच्या. फुली मारताना खुंट्यांना खुंट्या लागल्या.

चट्.

दोन खुंट्यांच्या मध्ये निळी ठिणगी उडाली आणि दोन्ही ॲम्पमधून फटाक्यासारखा आवाज झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो खेळच वाटला.

साखरेला ठिणग्या उडत नाहीत. कोणीतरी प्लग काढला होता आणि एक उलटा खुपसला होता. त्याने नियम मोडून डोळे बाजूला वळवले. पडद्याच्या आडोशाला जुनेवाला उभा होता. थोरल्याने भुवया उडवल्या, हनुवटीने मागच्या ॲम्पकडे खूण केली. जुनेवाल्याने हसून अंगठा वर केला. कार्यक्रम झकास चाललाय, असं त्याला म्हणायचं होतं.

पुतणी पलीकडच्या टोकाला, नजर शेवटच्या रांगेच्या वर. काकांनीच तसं शिकवलं होतं. ढोल्या मागे, डोळे मिटून. गाण्यांच्या मध्ये थांबायचं नाही हाही नियम काकांचाच. आपणच विणलेल्या जाळ्यात म्हातारा कोळी अडकला होता.

थांबवावं का? सरळ हात वर करून सांगावं, बंद करा? मग भावजयीचे शब्द आठवायचे. मोडलं की जातंच हो. शेजारी धाकटा डोलत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर, नियमाप्रमाणे, काहीही नव्हतं. पण त्याच्या डोळ्यांत तो स्वतः होता, कितीतरी दिवसांनी. तो मोडायचा? आणि नाही मोडला, तर शेवटच्या गाण्यात एक पाऊल, उजवा हात, आणि संपलं. सुटातल्या सुटात, सगळ्यांच्या देखत, मोठ्या भावाच्या गिटारला हात लावून. थोरल्याला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. पळून जावंसं वाटलं, आईला हाक मारावीशी वाटली. हात मात्र वाजवत होते.

मग त्याला सुचलं. आपल्याच गिटारची वायर उपटायची. वायर निघाली की आपल्या तारा मेल्या. मेलेल्या तारांना धाकट्याने खुशाल हात लावावा. आपला उजवा हात त्याच्या तारा छेडेल, त्याची बोटं सूर धरतील, गाणं त्याच्या ॲम्पमधून वाजत राहील. त्याला कळणारही नाही. कोणालाच कळणार नाही. थोरल्याला एवढं हायसं वाटलं, की त्याने स्वतःला मनात शाबासकी दिली.

शेवटचं गाणं आलं. धाकट्याने मान किंचित कलती केली, ही त्याची जुनी लकब. आता पाऊल पडणार. थोरल्याने उजवा हात खाली नेला, गिटारच्या कडेला खुपसलेला जॅक चिमटीत धरला आणि खसकन उपटला. वायर फळ्यांवर पडली. त्याचा ॲम्प चिडल्यासारखा भणभणू लागला.

धाकट्याचं पाऊल पडलं. उजवा हात पुढे आला. तो थोरल्याच्या तारांना लागला, आणि काही झालं नाही. थोरल्याने डोळे मिटून श्वास सोडला.

पण पाठोपाठ तो हात मागे गेला. भणभण ऐकून धाकट्याची नजर खाली वळली होती. शेजाऱ्याची वायर निघाली तर काय करायचं, हे घोटलेलं होतं. एका हाताने आपला सूर धरून ठेवायचा, ताल न सोडता वाकायचं, दुसऱ्या हाताने वायर उचलायची आणि शेजाऱ्याच्या गिटारला लावायची. थोरल्यानेच ते त्याच्याकडून घोटवून घेतलं होतं. ज्याला सगळं आठवायचं तो ते साफ विसरला होता, आणि ज्याला काही आठवत नव्हतं त्याची कंबर वाकली होती.

डावा हात आपल्या तारांवर घट्ट. उजवा हात फळ्यांवर पडलेल्या वायरीकडे, तिच्या उघड्या, चमकणाऱ्या जॅककडे. गिटारीतल्या तारेइतकीच वीज त्या जॅकमध्ये होती.

थोरल्याने बूट पुढे टाकला, पण पायाच्या बधिर बोटांना वायर कुठे आहे तेच समजलं नाही. पाय भलतीकडेच पडला. धाकट्याची बोटं जॅकपासून वीतभर अंतरावर होती.

“हात मागे!”

एवढ्या वर्षांत या बँडच्या स्टेजवर उच्चारलेला तो पहिला शब्द होता. हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत तो गेला.

धाकट्याचे दोन्ही हात पाठीमागे गेले. बोटांत बोटं अडकली. तो सरळ उभा राहिला, गिटार गळ्यात नुसती लोंबत, मान खाली. ढोल्याच्या काठ्या अडखळल्या. पुतणीचा बास दोन-चार सूर एकटाच चालला आणि थांबला. थोरला मागे वळला, लोकांकडे पाठ केली, ॲम्पपाशी गेला आणि दोन्ही प्लग भिंतीतून ओढून काढले. पिना लख्ख होत्या. जांभळ्या रंगाचा मागमूस नव्हता.

लोकांना हाही खेळच वाटला. ते खुर्च्यांवर उभे राहून टाळ्या वाजवू लागले. टाळ्यांच्या त्या गदारोळात धाकटा हात मागे बांधून उभा होता.

आत मेकअपच्या खोलीत जुनेवाला घाम पुसत आला. हॉलच्या वायरमनने मीटर लावून बघितलं होतं आणि मीटरचा आकडा पाहून स्वतःच दोन पावलं मागे सरकला होता.

“फोटोवाला आला होता,” जुनेवाला कसाबसा म्हणाला. “ॲम्पचे मागून फोटो हवे होते त्याला. पिनांवर तो डाग... मी थिनरने नुसता पुसला, सर. परत लावताना माझ्या लक्षात...”

“जा तुम्ही,” थोरला म्हणाला. ओरडायची ताकदच त्याच्यात उरली नव्हती. पुतणी दाराला टेकून तोंड दाबून रडत होती.

धाकटा आरशासमोरच्या खुर्चीत टोकाला बसला होता. हात अजून मागेच. भावजय त्याचा टाय सैल करत होती. थोरला त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि त्याने भावाच्या छातीवर तळहात ठेवला. आत ठोके पडत होते, जरा जास्तच वेगाने, पण पडत होते. बराच वेळ त्याने हात काढला नाही.

“दादा,” धाकट्याने हळूच विचारलं, “गिऱ्हाईक गेलं?”

“गेलं.”

“आता काढू का?”

“काढ,” थोरला म्हणाला.

धाकट्याने हात पुढे घेतले आणि मांडीवर ठेवले. भावजयीने थोरल्याकडे बघितलं. तिला काय विचारायचंय ते त्याला कळलं. त्याने कोपऱ्यातली लाल गिटार उचलली. तिला आता कुठलीच वायर नव्हती, ती निव्वळ लाकूड आणि तारा होती. ती त्याने जपून भावाच्या मांडीवर ठेवली, त्याचा डावा हात उचलून मानेवर नेला आणि वाट बघितली.

धाकटा गिटारकडे बघत राहिला. “कोणाची आहे?” त्याने विचारलं.

“तुझीच आहे.”

“हात लावला तर चालेल?”

“चालेल. आता काही होत नाही.”

धाकट्याने एका बोटाने तारेला स्पर्श केला, तवा तापलाय का ते बघावं तसा. तार जराशी वाजली. तो दचकला, त्याने थोरल्याकडे पाहिलं, आणि कोणी न सांगताच दोन्ही हात पुन्हा पाठीमागे घेतले.